मागच्या रांगेतील चेहरा



फिल्म धुण्याच्या विषयावर कामगार संघटनेचा माणूस बोलायला का उभा, असे आपणांस वाटले असेल. जिनिंगच्या आवारात सर्वांचा मिळून एक फोटो निघतो. मालक आणि मुनीम पुढे खुर्च्यांवर, कामकरी बाया अगदी मागे. पस्तीस मिलिमीटर फिल्मची चौकट ३६ मिलिमीटर रुंद. एका ओळीत वीस माणसे उभी केली, तर एकेकाच्या वाट्याला दोन मिलिमीटरही येत नाहीत. चेहरा तर मिलिमीटरभरही नाही! कण जाड असेल तर मोठ्या प्रिंटमध्ये त्या बाईचे डोळे कणांतच विरून जातात. म्हणून आम्ही या नादी लागलो.

निगेटिव्हवरचा काळेपणा म्हणजे चांदी. जिलेटिनमध्ये चांदीच्या क्षाराचे कण असतात. उजेड लागलेल्या कणांची डेव्हलपर चांदी करतो. बारीक कणाला उजेड अधिक लागतो. ५० आयएसओच्या फिल्मला ४०० च्या फिल्मपेक्षा आठपट उजेड द्यावा लागतो. तेव्हा तिपाई हवी, आणि मंडळींनी क्षणभर हलू नये.

डेव्हलपरचे गूढ माजवणारे पुष्कळ. डी-७६ चे माप उघड आहे : लिटरभर पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १००, हायड्रोक्विनोन ५, बोरॅक्स २. चिमूटभर सल्फाइट आधी, मग मेटॉल. सगळे सल्फाइट आधी टाकले तर मेटॉल विरघळता विरघळत नाही.

खरी अडचण आपल्या उन्हाची. फिल्म धुवायची २० अंशांवर, आणि चांदूर बाजारच्या वैशाखात तसे पाणी कोठले? रात्री काम करावे, माठातले पाणी घ्यावे, बर्फ घमेल्यात बाटलीभोवती ठेवावा. औषधात टाकू नये. २४ अंश झाले तर वेळ सुमारे एक तृतीयांशाने कमी करावा. जास्त वेळ ठेवल्यास कण जाड दिसतो. डेव्हलपर गार आणि धुण्याचे पाणी कढत, असे झाले की जिलेटिन आकसून जाळी पडते. मग कितीही महाग फिल्म असो, गेली.

उटीला १९६० साली स्थापन झालेल्या सरकारी कारखान्यात 'इंदू' फिल्म होत असे. तो आता बंद आहे. हे वाक्य आमच्या तोंडून चटकन निघत नाही.

मोबाइलवर फोटो काढू नये काय? जरूर काढावा. पण निगेटिव्ह खिडकीशी धरली की दिसते, तिला यंत्र लागत नाही. धुतलेली फिल्म मात्र न्हाणीघरात टांगावी. बाहेरची धूळ ओल्या जिलेटिनला चिकटते. प्रिंट झाली की पाठीवर पेन्सिलीने नावे लिहावीत, मागच्या रांगेपासून.