ब्लॅकमेल कोण करणार होतं?

मी फौजी माणूस, भाषणाची सवय नाही, ब्रीफिंगची आहे. सरळ मुद्द्यावर येतो.

१९५७ साल. अमेरिकेच्या लष्करासाठी नकाशे करणारं एक खातं होतं, आर्मी मॅप सर्व्हिस. तिथं फ्रँक कॅमेनी नावाचा खगोलशास्त्रज्ञ नोकरीला लागला. हार्वर्डची पीएच.डी., दुसऱ्या महायुद्धात युरोपात लढलेला. त्याच ऑक्टोबरात रशियाने स्पुटनिक सोडला. म्हणजे आकाशाचं गणित येणाऱ्या माणसाची गरज अमेरिकेला तेव्हा लागली नसेल तर कधी? पण वर्ष संपायच्या आत त्याला काढलं. तो समलिंगी आहे अशी माहिती चौकशीवाल्यांना मिळाली होती.

हा एकट्याचा प्रकार नव्हता. १९५० मध्ये परराष्ट्र खात्याच्या एका बड्या अधिकाऱ्याने सिनेटच्या समितीला सांगितलं होतं की असे ९१ जण आम्ही घालवलेत. १९५३ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी आदेश क्रमांक १०४५० काढला आणि 'लैंगिक विकृती' हे सरकारी नोकरीतून काढायचं कारण म्हणून कागदावर आलं. आयझेनहॉवर आमच्याच पेशातले, जनरल. बायकाही सुटल्या नाहीत. वाणिज्य खात्यातल्या मॅडेलिन ट्रेस यांना १९५८ मध्ये समोर बसवून त्यांच्या खाजगी आयुष्याबद्दल नको ते विचारलं. त्यांनी राजीनामा दिला. अशी हजारो माणसं गेली.

सबब एकच: शत्रू यांना ब्लॅकमेल करेल. सिनेटर होई यांच्या समितीने १९५० च्या अहवालात हेच ठासून लिहिलं. उदाहरण कोणाचं दिलं? ऑस्ट्रियाच्या कर्नल रेडलचं, पहिल्या महायुद्धाच्या आधी रशियाला फितूर झालेल्या माणसाचं. स्वतःच्या देशातला एकही दाखवता आला नाही.

आता माझं सांगतो. हे मी आजवर घरातही बोललो नव्हतो.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी एका युनिटचा ॲडज्युटंट होतो. आमचा हवालदार क्लार्क, अक्षर मोत्यासारखं, फाइल मागितली की हातात. त्याच्याबद्दल एक निनावी पत्र आलं. सीओ साहेबांनी माझं मत मागितलं. मी फाइलवर लिहिलं, गोपनीय कागद हाताळतो, ब्लॅकमेल होऊ शकतो. 'सेवेची आवश्यकता नाही' म्हणून त्याला घरी पाठवलं. तेरा वर्षं सर्व्हिस झाली होती. पेन्शनला पंधरा लागतात.

कॅमेनीबद्दल मी वाचलं ते रिटायर झाल्यावर. त्याचा युक्तिवाद वाचता वाचता मला माझा शेरा आठवला. हवालदाराला कोणी धमकावलं असतं, तर काय म्हणून? 'तुझ्या साहेबांना सांगेन,' एवढंच ना? साहेब म्हणजे मी. ब्लॅकमेल करणाऱ्याच्या हातातली काठी आमच्याच कोतातून गेली असती.

कॅमेनी मात्र गप्प बसला नाही. सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९६१ मध्ये कोर्टाने केस ऐकायलाच नकार दिला. १७ एप्रिल १९६५ ला दहा जण व्हाइट हाउससमोर फलक घेऊन उभे राहिले, पुरुष सूट-टायमध्ये, बायका नीटनेटक्या ड्रेसमध्ये. आग्रह त्याचाच: नोकरी मागताय, तर नोकरीला शोभेल असे दिसा. (आमचा सुभेदार मेजर खूश झाला असता.) १९७५ मध्ये नागरी सेवा आयोगाने बंदी उठवली. सिक्युरिटी क्लिअरन्सचा अडसर मात्र १९९५ पर्यंत पुरता गेला नाही.

आपल्याकडे २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रौढांच्या संमतीचे संबंध ३७७ मधून काढले. पण फौजेचा कायदा वेगळा. जानेवारी २०१९ मध्ये तेव्हाच्या लष्करप्रमुखांनी पत्रकारांना सांगितलं की सैन्यात हे चालणार नाही. शिस्तीची त्यांची काळजी मला समजते, मीही तीच भाषा बोलत आलो. पण त्या हवालदाराने शिस्त कुठं मोडली होती, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

२००९ मध्ये अमेरिकी सरकारने कॅमेनीची लेखी माफी मागितली. तो ८४ वर्षांचा होता. त्याने माफी स्वीकारली. खगोलशास्त्राची पगारी नोकरी त्याला पुन्हा कधी मिळाली नाही.

माझा हवालदार साधारण माझ्याच वयाचा. असेल तर गावीच असेल. पत्ता रेकॉर्ड ऑफिसकडून मिळू शकेल. अर्ज लिहून ठेवलाय, अजून टाकलेला नाही.