‘जपून’ म्हणण्याआधी

(चारकोप येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



संयोजकांनी पुढच्या दोन रांगा ज्येष्ठांसाठी राखून ठेवल्या आहेत आणि बहुतेक ज्येष्ठ मात्र भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसले आहेत. मधल्या खुर्चीवरून उठताना धरायला काही नसतं, भिंतीला निदान हात टेकता येतो. हा हिशेब आत येतानाच तुमच्या मनात होऊन गेला. मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे माझं लक्ष आधी तिथेच जातं. आज मला पडण्याबद्दल कमी आणि या हिशेबाबद्दल जास्त बोलायचं आहे.

पासष्टीच्या पुढे साधारण तिघांतला एक जण वर्षातून एकदा तरी पडतो, हा परदेशी पाहण्यांमधून पुन्हा पुन्हा आलेला आकडा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात दरवर्षी 6,84,000 माणसं पडून दगावतात आणि त्यांत साठीपुढची माणसं सर्वांत जास्त. हे सांगून मी तुम्हाला घाबरवत नाही. तुम्ही आधीच घाबरलेले आहात, आणि गंमत अशी की जे कधीच पडलेले नाहीत तेही घाबरलेले आहेत. शेजारच्या वहिनी न्हाणीघरात घसरल्या, खुब्यात बॉल टाकावा लागला, सहा महिने अंथरुणावर होत्या, एवढी बातमी अख्ख्या गल्लीला पुरते.

वैद्यकशास्त्राने या भीतीकडे बरंच उशिरा पाहिलं. 1982 साली मर्फी आणि आयझॅक्स या दोन डॉक्टरांनी लिहिलं की पडून इस्पितळात आलेल्या काही वृद्धांचं हाड मोडलेलं नव्हतं, मेंदूतही काही बिघाड नव्हता, तरी ते आधाराशिवाय पाऊल उचलत नव्हते. हाताला लागेल ते घट्ट धरत होते. पुढे 1990 साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या मेरी टिनेटी यांनी ही भीती मोजायची पद्धत काढली. त्यांनी ‘भीती वाटते का?’ हा प्रश्नच टाळला. आंघोळ, कपाटातून वस्तू काढणं, घरात फिरणं, अशी रोजची कामं घेतली आणि विचारलं, हे न पडता जमेल याची तुम्हाला किती खात्री आहे? 2005 मध्ये युरोपातल्या संशोधकांनी हीच पट्टी वाढवून सोळा प्रश्नांची केली. त्यात जिना आहे, ओली फरशी आहे, उंचसखल रस्ता आहे, गर्दी आहे, आणि फोन वाजायचा थांबण्याआधी तो उचलायला जाणं हेही आहे. आपल्याकडे त्यात कुकरची शिट्टी आणि दारावरची बेल घालायला हवी. बेल वाजली की ‘आले, आले’ म्हणत आजी जी उठतात, त्या घाईत किती जणी टीपॉयला अडखळल्या असतील!

टिनेटीबाईंची ती युक्ती पुरुषांसाठी तर फारच उपयोगी आहे. आजोबांना विचारा, भीती वाटते का? उत्तर येतं, ‘छे! पोस्टात चाळीस वर्षं सायकल मारली आहे मी.’ मग विचारा, बँकेत शेवटचे कधी गेलात? ‘आता सगळं मोबाईलवर होतं.’ भाजी आणायला? ‘सून आणते.’ नाक्यावरच्या कट्ट्यावर? ‘तिथे आता ओळखीचं कोणी उरलं नाही.’ प्रत्येक उत्तर पटण्यासारखं आहे, आणि सगळी मिळून एवढाच अर्थ होतो की हा माणूस खाली उतरत नाही. बायका निदान बोलतात, पण त्या गुडघ्यांवर घालतात. हळदीकुंकवाला का आला नाहीत? गुडघे. देवळात? गुडघे. काही वेळा खरंच गुडघेच असतात. पण पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होतात हे त्यांनी ऐकलेलं असतं, मोडलं तर आपलं करणार कोण हा विचार त्याच्या पाठोपाठ येतो, आणि तो विचार हाडांपेक्षा जड असतो. ‘चालते-बोलते असतानाच देवाने न्यावं’ या वाक्यात मरणाची भीती नसते, अंथरुणाची असते.

आता कुणी म्हणेल, भीती असली तर माणूस जपून राहतो, त्यात वाईट काय? अमेरिकेत मेरीलँडमधल्या सॉल्झबरी गावी दोन हजारांवर ज्येष्ठांचा वीस महिने पाठपुरावा केला गेला. 2002 साली त्याचे निष्कर्ष आले. पडलेल्यांना पुढे भीती बसली, हे अपेक्षितच होतं. पण न पडता ज्यांना आधीच भीती होती, तेही पुढच्या काळात इतरांपेक्षा जास्त पडले. कारण गूढ नाही. घाबरलेला माणूस नजर पायांवर ठेवतो, पाऊल आखूड टाकतो, मांड्या आवळून धरतो. ताठ झालेल्या पायाला अडखळल्यावर सावरायला वेळ मिळत नाही. शिवाय जो कमी चालतो त्याच्या मांड्यांचं बळ उतरतं, आणि खुर्चीतून उठणं, जिना चढणं, गेलेला तोल परत आणणं हे सगळं मांड्यांच्याच बळावर चालतं.

सिडनीतला 2010चा एक अभ्यास मला याहून बोलका वाटतो. सत्तर ते नव्वद वयाच्या 500 जणांचा पडण्याचा धोका दोन प्रकारे मोजला: शरीर तपासून, आणि त्यांना स्वतःला काय वाटतं ते विचारून. साधारण तिसऱ्या हिश्श्यात दोन्हींचा मेळ बसला नाही. 11 टक्के असे निघाले की ज्यांचं शरीर ठीक, पण मन घाबरलेलं. 20 टक्के असे की शरीर कमकुवत, पण मन निवांत. ही निवांत मंडळी घराबाहेर पडणारी, लोकांत मिसळणारी होती आणि ती अपेक्षेपेक्षा कमी पडली. म्हणून काठी फेकून द्या, असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणते की भीती आणि धोका यांची तपासणी वेगवेगळी करायला हवी, आणि आपण कशाचीच करत नाही. आपण सरसकट सगळ्यांना ‘जपून’ म्हणतो.

आता आपल्या चारकोपकडे येऊ. जागतिक बँकेच्या साहाय्याने 1980च्या दशकाच्या मध्यात मुंबईत जी योजना झाली, त्यातून गोराई, मालवणी आणि चारकोप उभे राहिले. कल्पना साधी होती. सरकारने प्लॉट, पाणी, गटार, रस्ता द्यायचा आणि घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचं. प्लॉट 25 चौरस मीटरचे, 40 चौरस मीटरचे. पस्तीसेक प्लॉट एका मोकळ्या चौकाभोवती, त्यांची मिळून एक सोसायटी. नगररचनेचे अभ्यासक आजही या वस्तीचं कौतुक करतात आणि ते योग्यच आहे.

पण 25 चौरस मीटर म्हणजे जेमतेम 270 चौरस फूट. मुलं मोठी झाली, लग्नं झाली, घर वर चढलं. जिन्याला जागा उरली ती कोपऱ्यातली. त्यामुळे आपले जिने कसे झाले हे तुम्हाला मी काय सांगावं! राष्ट्रीय इमारत संहिता म्हणते की घरातल्या पायरीची उंची 19 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, पाय ठेवायची जागा 25 सेंटिमीटरपेक्षा कमी नको. उद्या सकाळी फूटपट्टी घेऊन आपापली पायरी मोजा. कुठे लोखंडी गोल जिना, कुठे वरची शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा दोन बोटं उंच, कठडा एका बाजूला आणि तोही अर्ध्यावर संपलेला. ही वेगळ्या उंचीची पायरी सर्वांत घातक असते, कारण पाय आधीच्या पायऱ्यांचं माप धरून उचललेला असतो.

ज्यांनी हे जिने बांधले ते तेव्हा पस्तिशी-चाळिशीत होते. गॅसचा सिलिंडर खांद्यावर घेऊन चढत होते. आज तेच पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. दुसऱ्या वस्त्यांमध्ये माणसं येतात-जातात, वयं मिसळलेली असतात. इथे एका वेळी आलेली एक पिढी एकदम म्हातारी झाली. आणि बऱ्याच घरांत खालची खोली भाड्याने दिलेली किंवा दुकानासाठी सोडलेली, म्हणून आजी-आजोबा वर. लिंक रोडवरच्या मेट्रो स्टेशनला लिफ्ट आहे, सरकता जिना आहे. स्टेशनात शिरल्यावर काही अडत नाही. अडतं ते घराच्या चौदा पायऱ्यांवर. त्या उतरल्यावर रस्ता आहे, उखडलेले पेव्हर ब्लॉक आहेत. फुटपाथ रस्त्यापासून 15 सेंटिमीटरपेक्षा उंच नसावा, असं इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, आणि काही ठिकाणी तर तो चढायला दोन माणसांचा हात लागतो. पण त्यासाठी वॉर्ड ऑफिसात खेटे घालायला हवेत. जिन्याचा कठडा वेल्डर एका दुपारीत लावून देतो. दोन्ही बाजूंना, वरपासून खालपर्यंत. पाऊस तोंडावर आला आहे, त्याआधी तेवढं करून घ्या.

सूनबाईंवर खापर फोडायला मी आलेली नाही. ‘बाबा, तुम्ही खाली उतरू नका’ असं ती म्हणते त्यात माया असते आणि हिशेबही असतो. खुब्याचं ऑपरेशन झालं की रजा तिची जाते, रात्रीचं जागरण तिचं. तिला मी एवढंच सांगते की ‘उतरू नका’ऐवजी ‘मी बरोबर येते’ म्हण. तेही रोज नको, आठवड्यातून तीनदा पुरे. खाली चौक आहेच. तो गप्पा मारायला, मुलांनी खेळायला ठेवला होता, आज तिथे दुचाकी उभ्या आहेत. सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून भांडणं होतात तेव्हा ज्येष्ठांनीही एक मागणी करावी: भिंतीलगत चालण्यापुरती मोकळी पट्टी आणि धरायला एक दांडा.

चालण्याइतकंच पायांना बळ देणं महत्त्वाचं. न्यूझीलंडमध्ये ओटागो नावाचा व्यायामक्रम घरच्या घरी करून घेतात. घोट्याला वजन बांधून पाय उचलणं, एका पायाच्या बोटांपुढे दुसऱ्या पायाची टाच ठेवत चालणं, हात न टेकता खुर्चीतून उठणं. त्याने पडण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी झालं. अटलांटामध्ये 1996 साली सत्तरीपुढच्या लोकांना ‘ताई ची’ हा संथ चिनी व्यायाम शिकवला, तर पडणं कमी झालं आणि भीतीही उतरली. न्यूझीलंडच्याच त्या मंडळींनी झोपेच्या व मन शांत करणाऱ्या गोळ्या हळूहळू बंद करून पाहिल्या. पडणं दोन तृतीयांशाने घटलं. आणि प्रयोग संपल्यावर महिन्याभरात जवळजवळ निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली! माणूस कुठलाही असो, झोप प्यारी असते. तुमच्या गोळ्यांचा डबा मात्र डॉक्टरांना दाखवा, मनाने काही बंद करू नका. मोतीबिंदू पिकायची वाट पाहू नका. दोन नंबरांचा चष्मा घालून जिना उतरताना पायरी धूसर दिसते, तेव्हा दूरचा वेगळा चष्मा असला तर बरा. गाऊन घोट्याच्या वर शिवून घ्या. काठी, वॉकर, कमोडची खुर्ची यांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीपुढच्यांना 3,000 रुपये मिळतात. उत्पन्नाची अट आहे, चौकशी करा. काठी घेतली म्हणून कुणी म्हातारा होत नाही, असं मी पुरुषांना सांगते, आणि ते हसून विषय बदलतात.

शेवटी मूळ प्रश्नाला हात घालते. भीती नेमकी कशाची असते? बऱ्याच जणांशी बोलल्यावर माझं मत असं झालं आहे की पडण्याइतकीच भीती पडून राहण्याची असते. केंब्रिजमध्ये नव्वदीपुढच्या लोकांची पाहणी झाली, 2008 साली ती प्रसिद्ध झाली. पडल्यावर बहुतेकांना आपलं आपण उठता आलं नाही, काही जण तासाहून जास्त वेळ जमिनीवर राहिले. घरात मदतीची घंटा होती, तरी गरज पडली तेव्हा बहुतेकांनी ती वाजवली नाही. आपल्याकडची पिढी जमिनीवर जेवली, जमिनीवर झोपली, तिला उठणं येत होतं. मग डायनिंग टेबल आलं, पलंग आले, डॉक्टरांनी ‘खाली बसू नका’ सांगितलं आणि वीस वर्षांत ते अंगातून गेलं. ते परत शिकता येतं. कुणीतरी शेजारी असताना, सतरंजी घालून शिकायचं. आधी कुशीवर वळा. कोपरावर या. मग हात आणि गुडघ्यांवर. तसेच रांगत पलंगाशी किंवा जड खुर्चीशी जा. हात टेकवा, बळकट पाय पुढे घ्या, रेटा द्या आणि वळून बसा. खुब्यात कळ येत असेल, पाय आखूड वाटत असेल, तर मात्र उठायचा प्रयत्न करू नका. हाताशी जे असेल ते फरशीवर आपटा आणि अंगावर काहीतरी ओढून घ्या.

आणि न्हाणीघराची कडी. ती आतून लावू नका म्हटलं की बायका ऐकत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे, पाच माणसांच्या घरात कसं जमणार? म्हणून बाहेरून नाण्याने किंवा स्क्रू ड्रायव्हरने उघडणारी कडी मिळते, ती बसवून घ्या. हार्डवेअरच्या दुकानात विचारा. आणि घराची एक किल्ली समोरच्या घरात ठेवा, जिथे दुपारी कोणीतरी असतं.