वर्गणीचा रुपया आणि घामाचा दिवस
(मंदिर जीर्णोद्धार समारंभानिमित्त वरवट बकाल येथील भाषण)



देवळाचे काम तडीस गेले, की गावाच्या मनाला समाधान वाटते आणि ते वाटलेच पाहिजे. परंतु कळस चढण्याच्या दिवशी एका प्रश्नाचा विचार अवश्य व्हावा. पैसा, वेळ आणि कष्ट कोणत्या कामी लावावेत, कोणत्या कामी लावू नयेत आणि लावता लावता कोठे थांबावे, हे गावाने कसे ठरवावे?

हा प्रश्न वरवट बकालसारख्या गावाला इतरांपेक्षा अधिक लागू आहे. उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला पूर्णा, असा हा संग्रामपूर तालुक्याचा मुलूख. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलेला आहे. जमीन काळी आणि कसदार. परंतु पुष्कळ ठिकाणी पोटातले पाणी खारे. ते धड पिता येत नाही, धड ओलिताला देता येत नाही. शेतकऱ्याची सारी भिस्त पावसावर. अशा मुलखात वर्गणीचा रुपया सहज येत नसतो. तो कोणाच्या कपाशीतून आलेला असतो, तर कोणाच्या निंदणाच्या मजुरीतून. म्हणून त्या रुपयाचा हिशेब केवळ वहीत लिहून भागत नाही. तो मनातही मांडावा लागतो.

या हिशेबाचा धडा घ्यायला फार दूर जावे लागत नाही. श्री संत गाडगे महाराज वऱ्हाडचेच. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे झाला. बालपण मूर्तिजापूरजवळ दापुरे येथे आजोळी, गुरे राखण्यात आणि शेती करण्यात गेले. मामाची जमीन सावकारी पाशात सापडून गेली, हे त्यांनी कोवळ्या वयात डोळ्यांनी पाहिले. पैसा कसा येतो आणि कसा जातो, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. अंगावर चिंध्या आणि हातात गाडगे घेऊन फिरणाऱ्या या पुरुषाच्या शब्दावर पुढे लोकांनी लाखो रुपये दिले. ते त्यांनी कसे लावले, हे पाहिले म्हणजे चार कसोट्या हाती लागतात.

पहिली कसोटी गरजेची. पूर्णेच्याच काठी, अमरावती जिल्ह्यात, ऋणमोचन हे क्षेत्र आहे. पौष महिन्यातील रविवारी तेथे यात्रा भरते. नदीकाठी चिखल, स्नानाला उतरणारी म्हातारी-कोतारी माणसे आणि कडेवर लेकरू असलेल्या बाया त्यात घसरत. महाराजांनी तेथे घाट बांधण्याचे मनावर घेतले आणि १९०८ साली तो घाट झाला. हे काम त्यांनी का निवडले? कारण त्याची गरज कोणाला सांगावी लागत नव्हती; ती पायाला लागत होती. ज्या कामाची गरज भाषण करून पटवावी लागते, त्या कामाबद्दल जरा थांबून विचार करावा. आणि जे काम झाले नाही तर कोणाचा तरी पाय घसरेल, ते आधी हाती घ्यावे.

दुसरी कसोटी लोकलाजेची. मुलीच्या बारशाच्या वेळची गोष्ट त्यांच्या चरित्रात येते. जातभाईंच्या रिवाजाप्रमाणे अशा प्रसंगी दारू आणि मटणाचे जेवण द्यावे लागे. तरुण डेबूजींनी तो रिवाज मोडला आणि पंगतीला गोडाचे जेवण वाढले. भाऊबंद नाराज झाले. परंतु ज्या खर्चाने घर बुडते, तो खर्च केवळ चार माणसे काय म्हणतील या भीतीने करावयाचा नाही, हे त्यांनी आपल्या घरापासून सुरू केले. पुढे कीर्तनातूनही ते हेच सांगत राहिले : कर्ज काढून सण करू नका, कर्ज काढून तीर्थाला जाऊ नका.

बंधू-भगिनींनो, ही गोष्ट देवळाच्या वर्गणीलाही लागू आहे. ज्या घरात यंदा दुबार पेरणी झाली, ज्या घरात माणूस अंथरुणाला खिळले आहे, त्या घराने शेजाऱ्याच्या बरोबरीने पावती फाडलीच पाहिजे, असा आग्रह गावाने धरू नये. सावकाराकडून आणलेली वर्गणी देवाला पोहोचत नाही. ती व्याजासह सावकारालाच परत पोहोचते. अशा घराने एक दिवस श्रमदान करावे किंवा देवापुढे नुसते हात जोडावेत. त्याचे नाव देणगीदारांच्या फलकावर नसेल, म्हणून देवळात त्याची जागा मागे जाऊ नये.

तिसरी कसोटी उद्याची. बांधणे सोपे, सांभाळणे कठीण. महाराजांनी पंढरपूर, नाशिक, मूर्तिजापूर अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. परंतु बांधून मोकळे झाले नाहीत. पुढे ते कोण चालवील, याची त्यांनी व्यवस्था लावली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. १९५२ साली कामाच्या देखरेखीसाठी मिशन स्थापन झाले. २० डिसेंबर १९५६ रोजी महाराज गेले, परंतु कामे थांबली नाहीत.

पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांची दृष्टीही अशीच होती. काशी, सोमनाथ, गया, वेरूळ येथील त्यांचे मंदिरकार्य सर्वश्रुत आहे. त्यासाठी त्यांनी मुख्यतः आपल्या खासगीच्या उत्पन्नातून खर्च केला, दौलतीच्या तिजोरीवर भार टाकला नाही. आणि अनेक ठिकाणी पूजा-अर्चेच्या व देखभालीच्या कायम खर्चाची तजवीजही करून ठेवली. तेव्हा गावानेही कळसावरचा खर्च ठरवताना विचारावे : पाचव्या पावसाळ्यात गच्ची गळू लागली तर ती कोण पाहील? दिवाबत्तीचे बिल कोण भरील? झाडलोट कोणाकडे? जमलेल्या रकमेतील काही वाटा या कामांसाठी बँकेत बाजूला ठेवलेला असेल, तर तो वाटा दिसत नाही हे खरे. परंतु देऊळ त्याच्याच आधारावर उभे राहते.

चौथी कसोटी सर्वांत अवघड. ती म्हणजे थांबण्याची. खारपाणपट्ट्यातील शेतकऱ्याला हे नव्याने सांगावयास नको. बोअर घेतला, शंभर फूट गेला, पाणी खारे लागले. मग मन म्हणते, एवढा पैसा घातलाच आहे तर आणखी पन्नास फूट जाऊ द्या. पुन्हा खारेच. पुन्हा पन्नास फूट. येथे मनुष्य पाण्याचा शोध घेत नसतो. तो गेलेल्या पैशाचा शोध घेत असतो, आणि गेलेला पैसा कोणत्याही खोलीवर सापडत नाही. मागे किती घातले हा प्रश्न नव्हे. यापुढे घालीन त्यातून काय निघेल, हाच प्रश्न. त्याचे उत्तर ‘काही नाही’ असे असेल, तर मशीन त्याच दिवशी परत पाठवावी. त्यात कमीपणा नाही.

ही चूक फक्त गरीब शेतकऱ्याची आहे, असेही कोणी समजू नये. ब्रिटन आणि फ्रान्स या दोन श्रीमंत राष्ट्रांनी १९६२ साली करार करून ‘कॉन्कॉर्ड’ नावाचे, आवाजापेक्षा वेगाने जाणारे प्रवासी विमान बांधावयास घेतले. खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पट वाढला. हे विमान पैसे परत देणार नाही, असे दिसू लागले. तरी एवढे झाल्यावर मागे कसे फिरावे, म्हणून काम चालूच राहिले. शेवटी अवघी १४ विमाने प्रवासी सेवेत आली आणि २००३ साली तीही कायमची थांबली. मोठमोठ्या पंडितांच्या हातून जे झाले, ते गावसमितीच्या हातूनही होऊ शकते. म्हणून कामाच्या आरंभीच ठरवून ठेवावे, की अमुक रकमेपुढे आणि अमुक मुदतीपुढे सभा घेतल्याशिवाय जावयाचे नाही.

तथापि लवकर सोडणे हेही शहाणपण नव्हे. काही कामांचे फळ उशिरा येते. लावलेले संत्र्याचे झाड पहिल्या वर्षी फळ देत नाही, म्हणून कोणी उपटत नाही. झाड वाढते आहे की वाळते आहे, हे पाहावे लागते. पाण्याचे पाट ओढूनही जे वाळते आहे, ते सोडावे. जे हळूहळू का होईना, पण वाढते आहे, त्याला पाणी घालावे. शाळा, वाचनालय, झाडांची लागवड ही अशी कामे आहेत. एक पिढी लावते आणि दुसरी खाते.

कोणी म्हणेल, भक्तीला असे मोजमाप कशाला? भक्तीला मोजमाप नाही, हे अगदी मान्य. दिवसभर उन्हात राबून आलेला मनुष्य देवळाच्या ओट्यावर घटकाभर टेकतो आणि त्याच्या जिवाला जो गारवा मिळतो, त्याची किंमत रुपयांत होत नाही. तोच तर देवळाचा खरा नफा. पण म्हणूनच विटा, सिमेंट आणि रंग यांचे मोजमाप काटेकोर हवे. भक्ती अमर्याद आहे, वर्गणी मर्यादित आहे.

आणि शेवटी वेळेची गोष्ट. पैसा गेला तर पुढच्या हंगामात कदाचित परत येईल. मजुराचा बुडालेला दिवस परत येत नाही. हजारांची देणगी देणारा आणि एक दिवस वाळू वाहणारा, या दोघांनी आपापल्या परीने सारखेच दिले. किंबहुना वाळू वाहणाऱ्याने त्या संध्याकाळची भाकर दिली. गाडगे महाराज गावात आले, की आधी खराटा हाती घेत आणि मग कीर्तनाला उभे राहत. सांगण्याआधी करावे, हा त्यांचा क्रम. आज अमरावती विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखले जाते आणि बुलढाणा जिल्ह्यातील मुले त्याच नावाची पदवी घेतात. ज्याने आयुष्यात अक्षर गिरवले नाही, त्याने घातलेली मेहनत कोठे जाऊन फळाला आली, पाहा!

ग्रामस्थ बंधू-भगिनींनो, गरज कोणाची, लोकलाज किती, उद्या सांभाळील कोण आणि थांबावयाचे कोठे, हे चार प्रश्न पारावर, घरात आणि शेताच्या बांधावरही कामी येणारे आहेत. देवळाचा जीर्णोद्धार पूर्ण होतो. विचाराचा जीर्णोद्धार दरवर्षी करावा लागतो. वरवट बकाल ग्रामस्थांच्या घामाचा प्रत्येक दिवस आणि वर्गणीचा प्रत्येक रुपया सत्कारणी लागो, हीच ईशचरणी प्रार्थना.