पोटामागे गेलेल्या पूर्वजांचा माग

घराण्याचा इतिहास शोधणारा माणूस आधी मूळ गाव गाठतो, सातबारा आणि जुने फेरफार काढतो. कोकणातल्या कष्टकरी घरांचा शोध अनेकदा तिथेच अडतो. ज्याच्या मालकीची जमीनच नव्हती, त्याचा माग जमिनीच्या कागदांवर किती लागणार? तो गावाबाहेर का पडला, हे आधी विचारावं. कारण कळलं की पुढचा कागद कुठे असेल याचा अंदाज येतो.

कोकणातलं कारण उघड होतं. भाताचं एकच पीक, बाकी वरकस डोंगरउतार, आणि आलेल्या पिकात गावचा सारा वसूल करणाऱ्या खोताची अर्धेल नाहीतर तिर्धेल, म्हणजे अर्धा किंवा तिसरा वाटा. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. ती रद्द करणारा कायदा आला १९४९ साली. त्याच्या कितीतरी आधी, १८५४ मध्ये, मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली होती. घरचं भात वर्षभर पुरेना, म्हणून घरटी एखादा तरी गिरणीत जाऊ लागला.

पण गाव सुटत नव्हतं. गिरणीत मजूर भरणारा जॉबर आपल्या गावची, नात्यातली माणसं कामाला लावी. गडी गावकऱ्यांच्या खोलीत पथारी टाकत, खानावळीत जेवत आणि गावी मनीऑर्डर धाडत. शेत बायका सांभाळत. १८९६ च्या प्लेगात हजारो माणसं मुंबई सोडून गावाकडे पळाली आणि साथ ओसरल्यावर परतली. १९११ च्या जनगणनेत मुंबईतल्या दर पाच माणसांपैकी सुमारे चार शहराबाहेर जन्मलेली होती, आणि त्यांत रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा फार मोठा होता. अशा घराचा माग गावात आणि मुंबईत, दोन्हीकडे काढावा लागतो.

लष्कराची वाट आणखी लांबची. रामजी सकपाळांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. ते लष्करात होते, म्हणून त्यांचा धाकटा मुलगा १८९१ साली महूला जन्मला. निवृत्तीनंतर कुटुंब दापोलीला, मग साताऱ्याला आणि पुढे मुंबईत परळच्या चाळीत आलं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत दाखल झालेल्या त्या मुलाचं, म्हणजेच डॉ. भीमराव आंबेडकरांचं, नाव तिथल्या रजिस्टरात आजही वाचता येतं. केवळ आंबडव्यात शोधणाऱ्याच्या हाती ही नोंद लागली नसती.

काही जण तर समुद्रापार गेले. मुंबई बंदरातून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेलेल्या मराठी मजुरांच्या नोंदी मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या आहेत.

येत्या गणपतीला गावी जाल तेव्हा वडीलधाऱ्यांना नेमकं विचारा: आजोबा बोटीत कुठल्या बंदरावर चढले, हर्णै, दाभोळ की जयगड? मुंबईत कुणाच्या खोलीवर उतरले? कामाला कोणी लावलं, कुठल्या गिरणीत, कुठल्या खात्यात? उत्तरं तिथेच लिहून घ्या, आणि आजीला वेगळं बसवून विचारा. आजोबा मुंबईला असताना गावचं घर आणि शेत तिनेच चालवलं होतं.