नाव ठेवावं, नावं ठेवू नयेत
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यातील भाषण)





आमचं शिक्षण चौथी. पुढची शाळा झाली ती शेतात, आणि ज्येष्ठ महिन्यात निवृत्तीनाथ महाराजांच्या पालखीमागं त्र्यंबकेश्वराहून पंढरपुरापर्यंत चालताना. शंभर वर्षांचा सोहळा आहे, तर नामाच्या महिम्यावर चार शब्द बोला, असा मंडळींचा हुकूम झाला. देवाच्या नामावर बोलणारे आमच्याहून मोठे महाराज इथं बसलेत. म्हणून आम्ही लेकराच्या नावावर बोलतो. घरात लेक जन्मली, तिचं नाव काय ठेवावं, एवढाच आजचा विषय.

विषय लहान वाटेल. पण गावोगाव कीर्तन संपलं, की कुणीतरी जवळ येतंच. "महाराज, नात झाली. 'क' वरून आलंय. एखादं चांगलं नाव सांगा." आता तर नावं मोबाईलमध्ये मिळतात. एका आजोबांना नातीचं नाव विचारलं, तर ते म्हणाले, "थांबा, सूनबाईला विचारून सांगतो, मला नीट म्हणता येत नाही." हसायची गोष्ट नाही. ज्या नावानं आजोबाला हाक मारता येत नाही, त्या नावाची नात आजोबाच्या मांडीवर कशी बसायची?

मराठी भाषेची गंमत बघा. बारशाला नाव ठेवतात, आणि कुणाचे दोष काढायचे तर त्याला नावं ठेवतात. फरक एका टिंबाचा. पण काही घरांत लेकीच्या बाबतीत दोन्ही कामं एकाच पाळण्यात उरकली जातात. दोन मुली झाल्या, तिसरीही मुलगी झाली, की तिचं नाव ठेवायचं नकुसा, नकोशी. कानात कुर्र करून आयुष्यातलं पहिलं वाक्य काय सांगायचं, तर 'तू नको होतीस'.

इथं एक भेद नीट ध्यानात घ्या. आपल्याकडं धोंडू, दगडू, भिकू, उकिरडा अशीही नावं असायची. आधीची मुलं दगावलेली असायची. या लेकराला तरी कुणाची दृष्ट लागू नये, हे तरी जगावं, म्हणून आईबाप मुद्दाम वंगाळ नाव ठेवायचे. नाव दगडाचं, पण पोटात माया. नकोशी नावात ती माया नाही. तिथं 'जग' म्हणत नाहीत, 'तुझ्या जागी दुसरा पाहिजे होता' म्हणतात.

ही फार जुनी गोष्ट सांगत नाही. सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेनं अशा मुली शोधून काढल्या. 22 ऑक्टोबर 2011 रोजी साताऱ्यात मोठा कार्यक्रम झाला आणि 285 मुलींना नवीन नावं मिळाली. एका जिल्ह्यात 285! नव्या नावाचं प्रमाणपत्र त्यांच्या हातात दिलं. कुणी देवीचं नाव घेतलं, कुणी सिनेमातल्या नटीचं. आम्हाला दोन्ही गोड वाटतं. ज्या पोरीला जगानं नको म्हटलं, तिनं आपलं नाव आपल्या हौसेनं घेतलं, यासारखं बारसं नाही.

सातारा लांब आहे, असं म्हणू नका. आमच्या चालण्यात एक मावशी असायच्या. मुक्कामाला वहीत नावं लिहायची वेळ आली, की त्या मागं सरकायच्या. "लिहा, तुळशीवाली मावशी," म्हणायच्या. त्यांचं नाव आज आम्ही इथंही घेत नाही, कारण त्या नावातच 'नको' आहे. साठ वर्षांची बाई, पांडुरंगासमोर उभी राहते, डोळे भरून बघते, पण माणसांसमोर स्वतःचं नाव सांगायला लाजते. चूक कुणाची आणि लाज कुणाला!

लोक म्हणतात, नकोशी नाव ठेवलं की पुढचा मुलगा होतो. आपण शेतकरी माणसं, आपल्याला हे कुणी शिकवायला पाहिजे काय? वावरात बाजरी पेरली आणि गहू का आला नाही म्हणून वावराला शिव्या दिल्या, तर लोक वेड्यात काढतील. मुलगा की मुलगी, हे बापाच्या बीजावर ठरतं, असं डॉक्टर सांगतात. बाईचा त्यात दोष नाही, आणि पाळण्यातल्या लेकराचा तर नाहीच नाही.

आणखी एक बघा. गोठ्यात गाय व्याली आणि कालवड झाली, की आपण आनंदानं सांगत सुटतो. तिचं नाव ठेवतो लक्ष्मी, कपिला, गंगा. गोऱ्हा झाला तर तोंड बारीक करतो. घरात मात्र उलटा हिशेब! 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांच्या आतले हजार मुलगे, तर मुली 894. त्याच्या आधी, 2001 ला 913 होत्या. गर्भाचं लिंग तपासायला 1994 च्या कायद्यानं बंदी आहे, तरी आकडा खाली गेला. कायदा दवाखान्याच्या दारावर पाटी लावतो. मनाच्या दारावर पाटी आपल्यालाच लावायची आहे.

आता आपल्या संतांच्या घरात जाऊ या.

आपेगावचे विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई. संन्यास घेऊन परत संसारात आले, म्हणून लोकांनी त्यांना वाळीत टाकलेलं. पाणी भरायला जागा नाही, भिक्षा मिळण्याची खात्री नाही. अशा घरात तीन मुलांच्या पाठीवर चौथी मुलगी झाली. आजच्या हिशेबानं तिला नको म्हणायला त्या आईबापाकडं किती कारणं होती! त्यांनी नाव काय ठेवलं? मुक्ता. चार नावं ओळीनं म्हणा. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. आधी विषयातून मागं फिरायचं, मग ज्ञान, मग पायरी, आणि शेवटी मुक्ती. परमार्थाची वाट जिथं पोचते, ते नाव त्या घरानं लेकीला दिलं. आणि लेकीनं ते खरं केलं. लोकांच्या बोलण्यानं दुखावून ज्ञानोबांनी झोपडीची ताटी लावून घेतली, तेव्हा ती उघडायला लावणारी हीच धाकटी बहीण. चौदाशे वर्षं जगलेल्या चांगदेवांनी गुरू केलं, ते हिलाच. आपल्या त्र्यंबकेश्वरी निवृत्तीनाथांच्या समाधीपुढं डोकं ठेवाल, तेव्हा ही बहीणही आठवा.

नामदेवरायांचं घर घ्या. आई गोणाई, बायको राजाई, बहीण आऊबाई, लेक लिंबाई. सुना चार : लाडाई, गोडाई, येसाई, साखराई. म्हणून बघा, जिभेवर साखर ठेवल्यासारखं होतं. प्रत्येक नावाच्या शेवटी आई. आणि त्याच घरात दळण दळणारी जनाबाई. गंगाखेडहून गोदाकाठची पोर दुसऱ्याच्या घरी कामाला आली, पण आपल्या अभंगात तिनं स्वतःचं नाव घातलं, जनी. आज दळणाऱ्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत, जनीचं नाव जात्याबरोबर अजून फिरतंय.

तुकोबारायांना तीन मुली. नावं काशी, भागीरथी, गंगा. घरात दुष्काळ, सावकारी बुडालेली, आणि लेकींना नावं तीर्थांची! आपण नाशिककर तर गोदामाईची लेकरं. आपल्या घरात गोदा का नसावी?

अजामिळाची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. मरताना त्यानं मुलाला हाक मारली, 'नारायणा', आणि तेवढ्यावर तो तरला. म्हणून आपण मुलांची नावं देवाची ठेवतो. मग आम्ही विचारतो, लेकीला दिवसातून किती हाका जातात? पाणी आण, दप्तर भर, भाऊ कुठं गेला बघ. मुलापेक्षा लेकीलाच जास्त! तिचं नाव रखमा असेल, मुक्ता असेल, तर घरात दिवसभर नामस्मरण झालं. आणि नकोशी असेल, तर दिवसभर त्या घरात कशाचा जप चालतो, तुम्हीच सांगा. शिवाय आपण ज्ञानोबांना काय म्हणतो? माऊली. विठ्ठलाला काय म्हणतो? विठाई. ज्या संप्रदायात देवालाच आईचं नाव आहे, तिथं लेकीला नको म्हणणारा माणूस गळ्यात माळ कशी घालतो?

आता कामाच्या चार गोष्टी.

नाव असं ठेवा, की आजीला म्हणता येईल, लेकीला लिहिता येईल, आणि अर्थ विचारला तर तिला मान वर करून सांगता येईल. जुनं असो की नवं, आमची तक्रार नाही.

दुसरं, जन्माची नोंद 21 दिवसांत करा. नाव ठरलं नसेल तर नोंद अडत नाही. वर्षाच्या आत नाव बिनखर्चाचं घालता येतं, पुढं उशिराची फी पडते. ते राहून गेलं, की कागदावर पोर नुसती 'बेबी' राहते. आपल्या गावांत साठीच्या बेबीबाई अजून आहेत.

तिसरं, सरकारनं 1 मे 2024 पासून जन्मलेल्या लेकरांच्या नावात आईचं नाव आणलं. आधी लेकराचं, मग आईचं, मग बापाचं, मग आडनाव. गोणाईचा नामदेव म्हणणाऱ्या वारकऱ्यांना यात नवीन काय? आनंदानं लिहा.

चौथं, आत्याबायांनो, हे तुमच्यासाठी. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान तुमचा. घरातल्यांनी रागानं, दुःखानं वाकडं नाव ठरवलं, तर पाळण्याजवळ तुम्हीच आहात. वाका आणि कानात चांगलं नाव सांगा. पाठीवर धपाटे तसेही पडणारच आहेत, दोन जास्त खा!

शेवटी दिंडीपुढं दोन मागण्या. आपल्या वहीत 'अमक्याची आई', 'तमक्याची मंडळी' असं लिहायचं बंद करू आणि चालणाऱ्या प्रत्येक बाईचं पूर्ण नाव लिहू. आणि सप्ताहात काल्याच्या दिवशी पाळणा बांधू. जिला आपलं नाव टोचतं, ती पाच वर्षांची असो की पासष्ट, तिनं यावं. नाव तिनं निवडायचं, घुगऱ्या दिंडीनं वाटायच्या. कागदोपत्री बदलायचं तर राजपत्रात नाव छापून घ्यावं लागतं. त्या फॉर्मचा खर्च आणि धावपळ शिकल्यासवरल्या तरुणांनी अंगावर घ्यावी. शंभर वर्षं आपण देवाचं नाव गात चाललो. एकशे एकाव्या वर्षी लेकीचंही नाव गोड करून चालू.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! निवृत्तीनाथ महाराज की जय! मुक्ताबाई माऊली की जय!