प्रौढांसाठी विद्यापीठाचे दार

(शहादा येथील सभेत एका वकिलाने दिलेले व्याख्यान)



आज मी मुलांच्या शिक्षणाविषयी बोलणार नाही. मुलांनी शिकले पाहिजे, हे आपल्या समाजात आता कोणाला पटवून द्यावे लागत नाही. मला बोलावयाचे आहे ते मुलांच्या आईबापांविषयी. ज्यांची शाळा चौथीत, सातवीत किंवा नववीत सुटली, ज्यांचे वय आज तीस, चाळीस, पन्नास आहे आणि ज्यांनी 'आता आमचे काय शिक्षण व्हावयाचे?' असे म्हणून स्वतःपुरता हा प्रश्न मिटवून टाकला आहे, त्यांना मी सांगू इच्छितो की, हा प्रश्न मिटलेला नाही. त्याला कायद्यात उत्तर आहे. मात्र ते उत्तर नीट समजून घेतले पाहिजे. अर्धवट समजले तर ते घातक ठरते.

आपला नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत येथील साक्षरतेचे प्रमाण सुमारे ६४ टक्के निघाले. साऱ्या महाराष्ट्रात ते सर्वांत कमी होते. याचा अर्थ येथील माणसाची बुद्धी थोडी आहे असा कोणी करू नये. अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या डोंगरात पाडा एकीकडे आणि शाळा दुसरीकडे अशी स्थिती वर्षानुवर्षे राहिली. ऊसतोडीसाठी कुटुंब गुजरातेत गेले की मूलही त्यांच्याबरोबर गेले, आणि परत आले तेव्हा वर्ग पुढे निघून गेलेला होता. मुलीच्या हाती धाकटे भावंड दिले गेले. जिचे नाव अशा रीतीने हजेरीपटावरून निघाले, ती नापास झाली नव्हती. तिची परीक्षाच कोणी घेतली नव्हती.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. पदवीच्या वर्गात प्रवेश घ्यावयाचा तर बारा वर्षांचे शालेय शिक्षण पूर्ण झालेले असावे, हा सर्वसाधारण नियम आहे. परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरशिक्षणासाठी १९८५ साली जे नियम केले, त्यांत एक अपवाद लिहिला होता. ज्याच्याजवळ पूर्वीच्या शिक्षणाचा कसलाही दाखला नाही, अशा व्यक्तीने विद्यापीठाची प्रवेश परीक्षा उत्तीर्ण केली आणि प्रवेशाच्या वर्षी १ जुलै रोजी तिचे वय २१ वर्षांहून कमी नसले, तर ती पदवीच्या अभ्यासक्रमास पात्र होईल, असा तो अपवाद होता. प्रौढ माणसाने शेतात, कारखान्यात, संसारात आणि स्वतःच्या वाचनाने ज्ञान मिळविलेले असू शकते व ते आहे की नाही हे परीक्षेने पारखता येते, हे तत्त्व त्या एका वाक्याने देशाच्या नियमांत आले.

जगातही हे तत्त्व मान्य झालेले आहे. ब्रिटनमध्ये १९६९ साली मुक्त विद्यापीठाला सनद मिळाली आणि त्याने प्रवेशासाठी शालेय प्रमाणपत्राची अट ठेवली नाही. स्पेनने १९७० च्या शिक्षण कायद्याने पंचवीस वर्षांवरील लोकांसाठी विद्यापीठाची स्वतंत्र वाट मोकळी केली. पोर्तुगालने २००६ साली तेवीस वर्षांवरील लोकांसाठी वेगळी प्रवेश परीक्षा ठेवली. आपल्या देशातील पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ साली आंध्र प्रदेशात स्थापन झाले आणि शालेय प्रमाणपत्र नसलेल्या लोकांसाठी त्याने पात्रता परीक्षा घेतली. १९९१ साली त्या विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्यात आले. ते नाव तेथे शोभते. १९४६ साली बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले तेव्हा वर्ग सकाळी ठेवले होते. पोटासाठी नोकरी करणाऱ्याला नोकरी सांभाळून शिकता यावे, हा त्यामागील हेतू होता.

महाराष्ट्रात १ जुलै १९८९ रोजी नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. आपला जिल्हा त्याच्या नाशिक विभागीय केंद्राखाली येतो. या विद्यापीठाने बारावी उत्तीर्ण नसलेल्या, परंतु लिहिता-वाचता येणाऱ्या अठरा वर्षांवरील लोकांसाठी 'पूर्वतयारी' नावाचा शिक्षणक्रम काढला. त्याची परीक्षा दिली की कला किंवा वाणिज्य शाखेच्या पदवीकडे जाता येत असे. ज्या घरात कोणी दहावीचा उंबरठा ओलांडला नव्हता, अशा घरांतील गृहिणी आणि कामगार या वाटेने पदवीधर झाले.

येथवर ऐकून आपणांस आनंद झाला असेल. आता वकील म्हणून दुसरी बाजू सांगणे माझे कर्तव्य आहे.

प्रवेश परीक्षा उत्तीर्ण होणे आणि बारावी उत्तीर्ण होणे या दोन गोष्टी कायद्याच्या दृष्टीने एक नाहीत. प्रवेश परीक्षा त्या विद्यापीठाचे दार उघडते. इतर दारांची किल्ली तिच्याजवळ असेलच असे नाही. अंगणवाडी सेविकेच्या भरतीत बारावीचे प्रमाणपत्र मागतात. तेथे 'मी पदवीधर आहे, मग बारावी कशाला?' असा युक्तिवाद चालेल, ही आशा धरून बसू नये. असे हताश लोक वकिलाच्या टेबलापाशी येतात. त्यांच्या हाती पदवी असते, तरी खालची एक पायरी नाही म्हणून अर्ज परत आलेला असतो.

२००९ साली सर्वोच्च न्यायालयाने अण्णामलै विद्यापीठाच्या प्रकरणात निकाल दिला. एका अधिकाऱ्याने पहिली पदवी न घेता मुक्त पद्धतीने थेट पदव्युत्तर पदवी मिळविली होती. मुक्त विद्यापीठांनाही १९८५ चे नियम बंधनकारक आहेत, असे सांगून न्यायालयाने त्या पदवीच्या आधारे मिळालेले पद मान्य केले नाही. माझ्या स्वतःच्या व्यवसायाचे उदाहरण घ्या. भारतीय वकील परिषदेने २००८ साली कायद्याच्या शिक्षणाचे नियम केले. दूरशिक्षणाने बारावी किंवा पदवी घेतलेल्यांना त्यांनी मज्जाव केला नाही. परंतु खालची मूलभूत पात्रता नसताना मुक्त विद्यापीठातून थेट पदवी घेतलेल्या व्यक्तीला कायद्याच्या वर्गात प्रवेश मिळणार नाही, असे स्पष्टीकरण त्यांत जोडले. ज्या समाजाला वकिलांची सर्वांत अधिक गरज आहे, त्या समाजातील प्रौढ विद्यार्थ्याला हे स्पष्टीकरण पदवीनंतर कळावे, यासारखी दुःखाची गोष्ट दुसरी नाही.

मग करावे काय? आधी आपला हेतू ठरवावा आणि त्याप्रमाणे वाट निवडावी.

ज्याला नोकरी, बढती किंवा वकिली यांपैकी काही हवे आहे, त्याने पायऱ्या गाळू नयेत. दहावी आणि बारावी शाळेत न बसताही देता येते. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा अर्ज आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे. किमान पाचवी उत्तीर्ण असलेल्याला तो भरून दहावीची परीक्षा खाजगीरीत्या देता येते आणि पुढे दोन वर्षांनी बारावीची. १९८९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातूनही या दोन्ही परीक्षा देता येतात आणि तेथे कमाल वयाची मर्यादा नाही. ज्याची पाचवीही झाली नाही, त्याच्यासाठी राज्य शासनाने २०१७ साली मुक्त विद्यालय मंडळ स्थापन केले. पाचवी, आठवी, दहावी आणि बारावी अशा चारही पातळ्यांच्या परीक्षा तेथे आहेत. या वाटेने वेळ अधिक लागतो, परंतु मिळालेल्या प्रमाणपत्राविषयी पुढे वाद होत नाही.

ज्याला केवळ ज्ञानासाठी, घरातील मुलांपुढे उदाहरण ठेवण्यासाठी किंवा स्वतःच्या समाधानासाठी पदवीचा अभ्यास करावयाचा आहे, त्याने प्रवेश परीक्षेचा मार्ग उपलब्ध असेल तेथे तो अवश्य घ्यावा. मात्र दूरशिक्षणाचे नियम वेळोवेळी बदलत आले आहेत. २०२० साली आयोगाने नवे नियम केले. म्हणून शेजाऱ्याने पंधरा वर्षांपूर्वी काय केले यावर विसंबू नका. त्या वर्षीचे माहितीपत्रक घ्या, प्रवेशाची पात्रता वाचा आणि 'या परीक्षेला बारावीची समकक्षता आहे काय?' हा प्रश्न विद्यापीठाला लेखी विचारून उत्तरही लेखी घ्या. तोंडी आश्वासन न्यायालयात उभे राहत नाही.

कागदपत्रांविषयीही एक सूचना करतो. धर्मांतरानंतर काही कुटुंबांनी नावे बदलली, आडनावे बदलली. ते योग्यच आहे. परंतु शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक नाव आणि आधारपत्रावर दुसरे असे असेल तर अर्ज अडतो. राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या व तो अंक जपून ठेवा. धर्म बदलला म्हणून अनुसूचित जातीच्या सवलती गेल्या, असे कोणी सांगितल्यास त्याला १९९० ची दुरुस्ती दाखवा. तिने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींच्या लोकांचा हक्क केंद्रानेही मान्य केलेला आहे.

काही सुशिक्षित मंडळी विचारतात, 'अशा लोकांना विद्यापीठात घेतले तर शिक्षणाचा दर्जा खालावणार नाही काय?' त्यांना माझे उत्तर सरळ आहे. प्रौढाला प्रवेश परीक्षा देऊन आत यावयाचे आहे आणि इतर विद्यार्थ्यांचीच पदवी परीक्षा देऊन बाहेर पडावयाचे आहे. तो गुणांची सूट मागत नाही. लहानपणी त्याची जी परीक्षा कोणी घेतली नाही ती आता घ्यावी, एवढेच त्याचे मागणे आहे. ही मागणी दर्जाच्या विरुद्ध कशी होते?

तथापि एवढ्यावर आपण थांबू नये. जी परीक्षा विद्यापीठाने स्वतः घेतली, तिच्या बळावर प्रवेश देऊन तीन वर्षे शिकविले आणि पदवीवर कुलगुरूंची सही केली, त्या पदवीला इतर कचेऱ्यांनी अपुरी ठरवावे, यात न्याय नाही. शासनाने प्रौढांच्या प्रवेश परीक्षेला बारावीची समकक्षता द्यावी. ती द्यावयाची नसेल, तर अर्जाच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत तसे छापावे. ही मागणी प्रत्येक तालुक्यातून, सह्यांनिशी, लेखी गेली पाहिजे.

दरम्यान आपल्या हाती जे आहे ते आपण करू या. येत्या पंधरा दिवसांत प्रत्येक वस्तीत एक वही घाला. अठरा वर्षांवरील कोणाची शाळा कोणत्या इयत्तेत सुटली आणि शाळेचा दाखला हाती आहे की नाही, हे तीत लिहा. दाखला नसेल तर तो आधी त्या शाळेतून काढा. आपल्यातील जे शिकलेले आहेत त्यांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी विहारात बसून या लोकांचे अर्ज भरून द्यावेत व त्यांना गणित, भाषा शिकवावी. पुढच्या सभेला याल तेव्हा ती वही बरोबर आणा. कोणाला कोणती परीक्षा योग्य आहे, हे आपण एकेक नाव घेऊन ठरवू.

जयभीम.