बिल्ला नको, पंचनामा खरा हवा



तलाठी, कृषी सहायक ही बहुतेक आपल्याच घरची पोरे. बांधावर भेटली की म्हणतात, "तुमचे खरे आहे, पण आमचे नाव घेऊ नका." १९७९ चे वर्तणूक नियम त्यांना राजकीय पक्षाच्या कामात पडू देत नाहीत.

या नियमाला आमचा विरोध नाही. छातीवर पक्षाचा बिल्ला लावून आलेल्या तलाठ्याच्या पंचनाम्यावर गावाने विश्वास कसा ठेवावा? म्हणून आमचाही बिल्ला त्याने लावू नये.

पण नोकरी धरली म्हणजे जीभ गहाण पडली, असे नाही. बिहार सरकारने आपल्या नोकरांना कसलेही निदर्शन करायला बंदी केली होती. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. संपाचा हक्क मात्र मानला नाही.

आणि ज्यांना कोणताच नियम बांधत नाही, त्या साहित्यिकांचे, नटांचे, खेळाडूंचे काय? दुर्गाबाई भागवत १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष असताना आणीबाणीविरुद्ध बोलल्या. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, तेव्हा किती नामवंत बोलले?

नामवंतांनी बोलावे. आमच्या विरुद्ध बोलले तरी चालेल, आम्ही उत्तर देऊ. नोकरदाराकडे मागणे एकच: गारपिटीने जेवढे गेले तेवढेच पंचनाम्यात लिहा. वरून फोन आला तरी आकडा बदलू नका.